भाड्याचा हॉस्पिटल बेड, साडेचार महिने वापरला (शिवडी)

दुकानाचं नाव टाकत नाही. दादर-परळ पट्ट्यात असे भाड्याने देणारे चिक्कार आहेत, सगळ्यांचं साधारण सारखंच असतं आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाहीये. ज्यांच्या घरी उद्या-परवा पेशंट येणारे आणि जे रात्री दीड वाजता मोबाइलवर "हॉस्पिटल बेड भाड्याने" शोधत बसलेत (मी बसले होते) त्यांच्यासाठी लिहितेय. मार्क आधीच देऊन टाकते. बेड, पाचपैकी चार. बेड घेऊन आलेले टेम्पोवाले भाऊ, पाचपैकी पाच, सहा असते तर सहा दिले असते. ऑफिसात फोन उचलणाऱ्या मॅडम, दोन. त्या दोनाचं पुढे काय झालं ते शेवटी लिहिलंय.

आईला जुलैत स्ट्रोक आला. सकाळी पाणी भरायची वेळ, हातातली कळशी मोरीत आपटली आणि ती नुसती बघत उभी राहिली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी "आई काय झालं, आई काय झालं" एवढंच करत बसले असते पण शेजारच्या काकींनी खाली जाऊन टॅक्सी थांबवली सुद्धा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि सीटी काढायचा वेळ पण त्यातच धरायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही वेळेत पोचलो, इंजेक्शन मिळालं. तरी उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं बिघडलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग आणि बोलणं दोन्ही जातं असं डॉक्टर म्हणाले. बोलणं गेलं म्हणजे आवाज आहे, आपण बोललेलं कळतंय सगळं, पण शब्द भलताच बाहेर येतो. चमच्याला चावी. खिडकीला दार. मला माझ्या मावशीच्या नावाने हाक. आणि चुकीचा शब्द आला की तिचं तिला कळतं, मग ती चिडते.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. एका सिस्टरने (देव तिचं भलं करो) कागदावर लिहून दिलं: बेड, एअर मॅट्रेस, कमोड चेअर. आणि म्हणाली उद्या आणू परवा आणू करू नका, पेशंट घरी पोचायच्या आधी बेड पोचला पाहिजे.

आता आमचं घर. शिवडीची बीडीडी चाळ, मधून बोळ, दोन्ही बाजूला खोल्या, संडास मजल्यावर कॉमन. खोली १६० स्क्वेअर फूट, त्यातच मोरी, ओटा, कपाट, वर पोटमाळा. १९२०च्या दशकात इंग्रजांनी बांधताना कामगार येऊन झोपेल आणि परत कामावर जाईल एवढाच हिशोब धरला असणार. बेड साडेसहा फूट बाय तीन फूट. ऑफिसात कॅल्क्युलेटरवर मारून बघितलं, साडेएकोणीस स्क्वेअर फूट. घराचा जवळजवळ आठवा हिस्सा एका बेडला. दादा-वहिनी नालासोपाऱ्याला असतात, वन बीएचके, लिफ्टची बिल्डिंग, दादा म्हणाला आईला आमच्याकडे आणतो. आईने डावा हात जोरात हलवला आणि म्हणाली "गाडी, गाडी, नाही". आम्हाला वाटलं गाडीतून जायला घाबरतेय. बाबा म्हणाले, तिला तिकडे कोण ओळखतंय, इथे बोळातून येता-जाता दहा जणं डोकावतील. दादा दोन दिवस फुगून बसला, मग त्यानेच डिपॉझिट भरलं. तो आमचा असाच आहे.

प्रिन्सेस स्ट्रीटला नवीन बेडची चौकशी केली होती, वीस हजाराच्या आसपास सांगत होते. नवीन घेऊन नंतर ठेवायचा कुठे, विकायचा कुणाला, म्हणून भाड्याने. आमचा रेट असा पडला: एका हँडलचा २२०० महिना, दोन हँडलचा २९००, डिपॉझिट ५०००, आणणं-जोडणं ८००, आणि लिफ्ट नसेल तर मजल्यामागे १५० वेगळे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

आणि इथे पहिली चूक आमची. ७०० रुपये वाचवायला एका हँडलचा घेतला.

एका हँडलचा म्हणजे फक्त डोक्याकडची बाजू वर होते. दुसरं हँडल असेल तर गुडघ्याकडचा भाग पण उचलला जातो. मला वाटलं डोकं वर झालं म्हणजे झालं, गुडघे कशाला पाहिजेत. पण आईला गिळायचा पण त्रास होता, ठसका लागायचा, म्हणून भरवताना सरळ बसवायचं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं असं सांगितलेलं. दिवसातून पाच-सहा वेळा डोकं वर. आणि प्रत्येक वेळी आई हळूहळू पायाकडे घसरायची. गुडघे वर नसले तर अडवणार काय तिला? अर्ध्या तासात हनुवटी छातीला टेकलेली, मग मी आणि बाबा दोन बाजूंनी चादर धरून वर ओढणार, परत घसरणार, परत ओढणार. आठव्या दिवशी पुसताना वहिनीने बघितलं, माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. वहिनीने बोटाने दाबलं, साधी लाली असेल तर दाबल्यावर पांढरी होते आणि परत लाल होते, ही लालच राहिली. बेडसोरची सुरुवात. झोपून झोपून होतो हे माहीत होतं, घसरताना कातडी आतून ओढली जाते त्यानेही होतो हे तेव्हा कळलं.

लगेच फोन केला, बेड बदलून द्या. मॅडम म्हणाल्या बदलून मिळेल, आणण्या-नेण्याचे परत ८०० आणि मजल्याचे वेगळे. मी म्हटलं अहो बुक करताना मी विचारलं होतं की स्ट्रोकच्या पेशंटला कुठला बरा, तुम्हीच म्हणालात की बरेच जण हाच घेतात. तर म्हणे "बरेच जण हाच घेतात ना मॅडम." ह्याला काय उत्तर देणार? दोन स्टार तिथेच फिक्स झाले.

तेव्हा एवढं एकच लक्षात ठेवा, दोन हँडलचाच घ्या. पेशंटला भरवावं लागत असेल तर डोळे झाकून दोन हँडलचा.

भाऊंबद्दल लिहायचंय. पहिल्या वेळी आले तेव्हा पाऊस धो धो, टेम्पो गेटजवळ लावून एकटेच वर आले, खिशातून टेप काढून आधी जिन्याचं वळण मोजलं, मग दार मोजलं, मग खोलीत उभं राहून म्हणाले "मावशी कुठल्या हाताने धरतात?" मी म्हटलं डाव्या. तर त्या हिशोबाने बेड फिरवून लावला, म्हणजे कमोड चेअर चांगल्या हाताच्या बाजूला येईल आणि उठताना तिला तिकडून आधार घेता येईल. हे ना मॅडमनी सांगितलं होतं ना हॉस्पिटलात. बेड दोन तुकड्यांत येतो, डोक्याकडची-पायाकडची पाटी वेगळी, साइडचे कठडे वेगळे, गादी वेगळी, सलाईनची दांडी वेगळी. आम्ही म्हटलं सलाईन नाहीये आमच्याकडे, दांडी परत न्या, तर म्हणाले सेटमध्ये येते, राहू दे, जाताना मोजून नेणार. चारही चाकांचे ब्रेक लावून बेड धरून हलवून दाखवला. मग म्हणाले हँडल फिरवून झालं की आत दुमडायचं, नाहीतर रोज नडगी फुटेल. आम्ही मान डोलावली. पहिल्या आठवड्यात माझी, बाबांची, वहिनीची, सगळ्यांची नडगी फुटली. जाताना त्यांनी चहा घेतला नाही, आईपाशी जाऊन "मावशी, लवकर बऱ्या व्हा, मला बेड परत न्यायचाय" म्हणाले आणि आई हसली. घरी आल्यावरचं तिचं पहिलं हसणं.

एअर मॅट्रेसबद्दल थोडं. तीही त्यांच्याकडूनच, ४०० महिना. प्लास्टिकचे फुगे असतात, पंप पायाकडे टांगायचा, आळीपाळीने फुगे भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. वरून पातळ एकच चादर घालायची. वहिनीने मायेने जुनी गोधडी घातली होती, तिच्यावर झोपवलं तर खालचे फुगे असून नसल्यासारखे. दुसऱ्या दिवशी चादर सरकू नये म्हणून तिनेच सेफ्टी पिन लावली. फुस्स. ठिगळ सोबत येतं पण आमचं चिकटेना, बाबा खाली जाऊन पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणि रबर घेऊन आले आणि मांडी घालून चिकटवत बसले, ते डिसेंबरपर्यंत टिकलं. आणि मॅट्रेस आहे म्हणून कुशीवर वळवायचं सोडायचं नाही. दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे वळवायचं, रात्री पण. मी खाली जमिनीवर झोपायचे, बाबा बाहेर बोळात, अलार्म बाराचा, दोनचा, चारचा. आमचा तो लाल डाग तीन आठवड्यांत गेला.

पंपाचा आवाज मात्र सांगत नाही कोणी. मोठा नाही, पण १६० फुटांत दिवसरात्र घुंईंईं. आईने पहिल्याच रात्री त्याला नाव ठेवलं, "गिरणी". म्हणायचं होतं मशीन की काय कोण जाणे, पण शब्द इतका चपखल बसला की आम्ही सगळेच गिरणी म्हणायला लागलो. लाइट गेली की बाबा बोळातून ओरडणार, "गिरणी बंद पडली का गं?" तसंच बेडला ती "गाडी" म्हणायची. गाडी वर कर, गाडी खाली कर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्या दिवशी "गाडी नाही" म्हणत होती ती लोकलचं म्हणत असणार, नालासोपाऱ्याची, की मला तिकडे नको. विचारलं तर मान हलवली, म्हणजे हो. स्पीच थेरपीवाल्या ताईंनी सांगितलंच होतं की शब्द चुकला तरी मध्येच सुधारू नका, थांबा, तिला काय दाखवायचंय ते बघा, बऱ्याचदा आसपासचाच शब्द निघतो. आम्ही म्हटलं हो हो. हो म्हणणं सोपं असतं.

बेड आला की घरात बाकी काय काय हलतं त्याचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही म्हणून इथेच लिहिते. बेडखाली तांदळाचा डबा, कांदे-बटाटे, माझ्या ऑफिसच्या चपला, दादाच्या मुलाची बॅट. कपाटाचं एकच दार उघडायचं, दुसरं बेडला अडायचं, त्यामुळे साडेचार महिने मी कपाटाच्या डाव्या अर्ध्यातलेच ड्रेस घातले. ऑफिसात एक जण म्हणाली पण, हा पिवळा फार आवडता दिसतोय.

आणि ओटा बेडच्या पायथ्याशी. म्हणजे आईला पडल्या पडल्या सगळं दिसायचं. ह्याच्यासारखी शिक्षा नाही, तिला पण आणि आम्हाला पण. बाबा गोदीत होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, जन्मात जेवलेलं ताट उचललं नव्हतं त्यांनी. मी आठ-चाळीसला निघायचे, वहिनी शनिवार-रविवार यायची, मधले पाच दिवस बाबा आणि आई आणि गिरणी. बाबा नाचणीची पेज ढवळायचे आणि बेडवरून आई डावा हात गोल गोल फिरवायची, जोरात, अजून जोरात, गुठळ्या होतील. बाबा म्हणायचे "ढवळतोय ना!" मग गुठळ्या व्हायच्याच. पेज घट्टच लागायची, पातळ गेली की ठसका. सगळ्यात अवघड साधं पाणी आणि चहा, पातळ पटकन चुकीच्या नळीत जातं. मेडिकलमधून एक पावडर मिळाली, घालून चहा घट्ट करायचा. आईने पहिला चमचा तोंडात घेतला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली "खळ". हा शब्द एकदम बरोबर आला. कांजी केल्यासारखीच दिसायची ती. दीड महिन्याने खरा चहा मिळाला तेव्हा कप डाव्या हातात घट्ट धरून कुणाला घेऊ देईना.

कमोड चेअर विकत घेतली, भाड्याची नको वाटली. ती पण बेडच्याच शेजारी. बोळातून येणारे-जाणारे, दार दिवसभर उघडं, चाळीत दार लावलं की लोक विचारतात काय झालं. म्हणून बाबांनी तिसऱ्याच दिवशी पोटमाळ्याच्या अँगलपासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत आईच्या जुन्या जांभळ्या साडीचा पडदा टांगला, वरची कड नीट दुमडून, टाके पण स्वतः घातले, वाकडेतिकडे. आई पडदा लावल्याशिवाय चेअरवर बसायची नाही. मग बाबा भांडं काढायचे, वर पेपर झाकायचे आणि बोळाच्या टोकाला संडासात रिकामं करून यायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुढे झाले, द्या मी जाते. म्हणाले तू ऑफिसला जा, उशीर होतोय. जाताना समोरच्या खोलीतले काका दारात उभे, "काय, कसं काय वहिनींचं?" बाबा भांडं हातात धरून उभे राहिले, "बरंय, आज दोन चमचे जास्त खाल्लं", आणि दोघं पाऊस, पाणी किती वेळ आलं वगैरे बोलत बसले. भांडं हातात. मला त्या दिवशी आठ-अठ्ठावन्नची पण चुकली.

ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीवाल्यांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या, टीव्हीवर दाखवत होते, ५०० स्क्वेअर फुटांचं घर. आमची जागा पोर्ट ट्रस्टची, आमचं घोंगडं अजून भिजतंच पडलंय. बाबा म्हणाले, त्या घरात असले दोन बेड मावतील. आई म्हणाली "नको". कुठलं नको, घर की बेड, ते कळलं नाही. त्याच महिन्यात गणपती. आमचा गणपती गावी, संगमेश्वरला. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं गेले नाहीत, दादा गेला, आरतीला व्हिडिओ कॉल लावला, आईने बेडची डोक्याकडची बाजू पूर्ण वर करून घेतली आणि एका हाताने टाळ्या कशा वाजवायच्या म्हणून कठड्यावर थापट्या मारत राहिली. आरतीचे शब्द मात्र तोंडातून सरळ येत होते, एकही न चुकता. थेरपीवाल्या ताई म्हणाल्या असं होतं, गाणं, आरती, मोजणी पाठ असेल तर निघते. त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी आरती लावायचे, नैवेद्याला ग्लुकोज बिस्कीट.

आता जरा वाईट. आणि हे दुकानाचं नाही, आमचं.

ऑक्टोबरच्या शेवटी आई धरून उभी राहायला लागली. चार पायांची काठी आणली. घरी येणारे फिजिओ सर (ते पण पाच स्टार, पण त्यांचा रिव्ह्यू वेगळा लिहीन) पहिल्या दिवसापासून सांगत आलेत की लुळा हात धरून ओढून कधी उठवायचं नाही, खांदा निखळतो, हाताखाली उशी ठेवायची. ते आम्ही पाळलं. पण एक दिवस ते जरा लवकर आले आणि मी हँडल फिरवून आईला बसवत होते. गप्प बघत राहिले, मग म्हणाले, "ह्यांना कुशीवर वळून, कोपरावर जोर देऊन उठता येतं. तुम्ही हँडल फिरवून उठवताय. मग ह्या कशाला उठतील?" मी म्हटलं सर सकाळी घाई असते. तर म्हणाले हो, घाई तुम्हाला आहे.

खरंच होतं. आई स्वतः उठून बसायला दहा-बारा मिनिटं घ्यायची, मध्ये दम खायची, चादरीत पाय अडकायचा, चिडायची. हँडलने एका मिनिटात काम. ते म्हणाले आता बेड परत करा, साध्या कॉटवर झोपवा, उंची फक्त बघा, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आम्ही हो म्हटलं आणि अजून दीड महिना बेड ठेवला. खाली कांदे-बटाटे ठेवायची सोय झाली होती, रात्री कठडे लावले की मी निवांत झोपायचे, हँडलने कामं उरकायची. चार हजार तीनशे-पन्नास भाडं आमच्या आळसाचं, वर मॅट्रेसचं वेगळं. आई रोज म्हणायची "गाडी जाऊ दे". आम्ही म्हणायचो जाईल जाईल. बेड घेणाऱ्यांना सांगणं आहे की घ्यायच्या दिवशीच फिजिओला विचारून ठेवा, परत कधी करायचा. आपण आपणहून करत नाही.

डिसेंबरात शेवटी फोन केला. भाऊंची सुट्टी होती, दोन नवीन पोरं आली, घाईत, हातात यादी. फ्रेम, पाट्या, कठडे, गादी, मॅट्रेस, पंप. मग एक जण म्हणाला सलाईनची दांडी? आम्ही बेडखाली बघितलं, पोटमाळ्यावर बघितलं, कपाटाचं उजवं दार साडेचार महिन्यांनी उघडलं होतं तिथे बघितलं, समोरच्या काकांना विचारलं. बाबा म्हणाले ती तुम्हीच बेड बदलताना नेलीत, दुसरा बेड आणला तेव्हा. पोरगा म्हणाला तेव्हा फक्त फ्रेम बदलली, बाकी सामान इथेच, लिहिलंय. आई कॉटवर बसून सगळं बघत होती आणि डावा हात पुढे करून म्हणत होती "काठी. काठी. अगं काठी." मी म्हटलं हो आई देते, आणि तिची चार पायांची काठी तिच्या हातात दिली. तिने ती बाजूला केली. परत "काठी". मी परत दिली. तिसऱ्यांदा तिने ती जमिनीवर आपटली, आम्ही म्हटलं बेड चाललाय म्हणून कावरीबावरी झालीय, बाबांनी तिला पाणी दिलं.

दांडीचे ६०० कापले. मी मॅडमना फोन करून वीस मिनिटं भांडले, असलं-नसलं सगळं काढलं, पहिल्या बेडचे ८०० काढले, "बरेच जण हाच घेतात" काढलं, तुमचीच पोरं विसरली असतील म्हणाले, अशाने लोक लुटता वगैरे म्हणाले. त्या म्हणाल्या मॅडम सापडली तर आणून द्या, पैसे देऊ. मी फोन आपटला. हा रिव्ह्यू खरं तर त्या रात्रीच लिहायला घेतला होता आणि तेव्हाचं टायटल छापण्यासारखं नव्हतं.

परवा रविवारी कमोड चेअर पोटमाळ्यावर टाकली, आई आता बोळाच्या टोकापर्यंत चालत जाते, वहिनी मागे. मग पडद्याचं काय काम म्हणून बाबा स्टुलावर चढले आणि साडी सोडायला लागले. टाके उसवले, साडी खाली आली आणि वर राहिली ती स्टीलची चकचकीत दांडी, एका टोकाला दोन आकडे, एक आकडा पोटमाळ्याच्या अँगलमध्ये अडकवलेला. बाबा स्टुलावर तसेच उभे. मी तशीच. कॉटवर बसलेली आई आमच्याकडे एकेकाकडे बघून झाल्यावर म्हणाली,

"काठी."

दांडी उद्या ऑफिसला जाताना देऊन येते. मॅडमचे दोनाचे साडेतीन केलेत.